आधी ओटा, मग मुडदा : नाशिकमध्ये घडणारी निवांत रहस्यमालिका कशी लिहावी

इंग्रजी रहस्यकथांमध्ये एक निवांत घराणं आहे आणि त्याच्या बऱ्याच शाखा बेटांवर राहतात. छोटं बेट, दिवसातून एकदोनदा येणारी बोट, सगळे सगळ्यांना ओळखणारे, आणि एका सकाळी कुणीतरी मरून पडलेलं. शोध लावणारा पोलीस नसतो. त्याला घाईही नसते. तो गळ टाकून बसतो, दुपारी झोपतो, लोकांच्या गप्पा ऐकतो आणि शेवटी गुन्हेगार त्यालाच सापडतो. रक्त, मारझोड, क्रौर्य पडद्याआड राहतं. प्रकरण मिटलं की गाव पुन्हा जेवायला बसतं.

मराठीत रहस्यकथेची परंपरा दांडगी आहे, पण तिचा स्वभाव वेगळा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे धावणारे, वेषांतर करणारे, संकटात उडी घेणारे नायक. बसून राहणारा नायक आपल्याकडे कमी. खरं तर बसून राहण्याची कला आपल्याइतकी कुणाला येते? ओटा, पार, कट्टा, टपरी या सगळ्या जागा त्यासाठीच आहेत.

अशी मालिका नाशिकमध्ये कशी बसवायची, त्याचा हा क्रम. बहुतेक नवे लेखक खुनापासून सुरुवात करतात, मग त्याला शोधक जोडतात आणि शेवटी शहर चिकटवतात. या प्रकारात क्रम उलटा हवा. आधी बसायची जागा, मग बसणारा माणूस, मग त्याच्यापुढून जाणारी माणसं. गुन्हा त्यानंतर.

१. नाशिकमधलं बेट शोधा

बेट कथेत तीन कामं करतं. माणसांना पटकन निघून जाता येत नाही, नवा माणूस लगेच नजरेत भरतो, आणि बातमी तोंडोतोंडी फिरते. या तीन गोष्टी जिथे मिळतील ते तुमचं बेट. समुद्र लागत नाही.

सबंध नाशिक शहर हे बेट होऊ शकत नाही. गंगापूर रोडच्या बारा मजली इमारतीत शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते माहीत नसतं, आणि तिथला खून ही वेगळ्या जातीची कथा आहे. जुन्या नाशकातली एखादी गल्ली मात्र उत्तम बेट आहे. वाडे एकमेकांना खेटून, जिने अरुंद, पिढ्यान् पिढ्यांचे भाडेकरू, आणि कुणाकडे पाहुणा आला की चहा टाकायच्या आधी चार घरांत कळलेलं. देवळाली कॅम्पातले जुने सॅनेटोरियमचे बंगले, श्रावणातलं धुक्यात बुडालेलं त्र्यंबक, द्राक्षाच्या तोडणीच्या दिवसांतला दिंडोरीकडचा मळा, हेही चालतील. पण मालिकेसाठी एकच मुख्य बेट ठेवा आणि बाकीच्या जागा एकेका पुस्तकापुरत्या पाहुण्या म्हणून आणा.

पूर आला की नाशिक स्वतःच बेट तयार करतं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावरची देवळं पाण्यात जातात, रामसेतू नावाच्या पुलावरून पाणी वाहतं, सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवतात. पंचवटी आणि जुनं नाशिक तुटलं असं लिहायचा मोह होईल. तो टाळा. होळकर पूल उंच आहे, आणि लगेच कुणी नाशिककर विचारेल की तुमचा माणूस तिकडून का नाही आला. पुलाच्या तोंडाशी बॅरिकेड लावा, रिक्षा बंद करा, त्याच्या पायाला दुखणं द्या. भूगोल मोडू नका, त्याला अडथळे घाला.

गल्ली मात्र काल्पनिकच घ्या. आजूबाजूचे चौक, बाजार, देवळं खरी. मधली एक गल्ली आणि तिच्यातले वाडे तुमचे. खऱ्या वाड्यात खरी माणसं राहतात आणि त्यांतल्या कित्येकांचे दावे कोर्टात चालू असतात.

२. ओटा आणि त्यावर बसणारा

निवांत शोधक लिहिताना सगळ्यात सोपी चूक म्हणजे त्याला नुसता आळशी करणं. आळस हा स्वभाव झाला, पद्धत नाही झाली. वाचकाला हे पटलं पाहिजे की हा माणूस एका जागी बसतो *म्हणूनच* त्याला कळतं. धावणाऱ्या पोलिसाला दहा जबाब मिळतात. बसलेल्याला तीच दहा माणसं रोज दिसतात, त्यामुळे अकराव्या दिवशी काय बदललं ते फक्त त्यालाच समजतं. कोण रोज डावीकडून यायचा आणि आज उजवीकडून आला. कुणी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाताना तांब्या नेला नाही. दुधाची पिशवी दहा वाजेपर्यंत कुणाच्या कडीला लटकत राहिली.

म्हणून ओट्याचा नकाशा काढा. खरोखर कागदावर काढा. ओट्यावरून कोणती दारं दिसतात, कोणता जिना अर्धाच दिसतो, कुठल्या खिडकीचा फक्त उजेड दिसतो, पाणी कुठल्या नळावर भरतात, आवाज कुठून येतो. सहा पुस्तकं याच नकाशावर उभी राहणार आहेत. अर्धा दिसणारा जिना तर सोन्याची खाण आहे. पावलं वर गेलेली दिसतात, चेहरा दिसत नाही.

आता माणूस. उदाहरणासाठी एक घडवू या, नाव विनूमामा. साठी ओलांडलेले, नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी केलेले. नाशिककराला "प्रेसला होते" एवढं सांगितलं की पुरतं. तिथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि शेजारच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये टपाल तिकिटं, रेव्हेन्यू तिकिटं, स्टॅम्पपेपर. मामांनी आयुष्यभर छापील ताव तपासले. हजारो सारख्या गोष्टींमधली एक वेगळी ओळखायची, हेच त्यांचं काम होतं. निवृत्त झाल्यावर ते जुन्या नाशकातल्या वडिलार्जित वाड्यात परतले आणि ओट्यावर बसले. नजर अजून तीच आहे, फक्त समोर तावांच्या जागी माणसं आली.

एवढं पुरे. निवृत्त पोलीस किंवा निवृत्त वकील करू नका, त्यांना सगळं आधीच माहीत असतं. दुःखी भूतकाळ, मेलेली बायको, दारूचं व्यसन हा ऐवज दुसऱ्या प्रकारच्या रहस्यकथांचा आहे. मामांची बायको जिवंत ठेवा, तिला त्यांच्यापेक्षा हुशार करा आणि तिला ओट्यावर बसायला वेळ मिळत नाही ही खंत तिच्या तोंडी एकदाच घाला. त्यातून पुढच्या एखाद्या पुस्तकात तिचा स्वतःचा उलगडा निघू शकतो.

बसणाऱ्याला एक पळणारं माणूस लागतंच. भाची घ्या, स्कूटरवर शहरभर फिरणारी, कुरिअरच्या किंवा बँकेच्या कामात असलेली. ती सिडकोतून, सातपूरमधून, नाशिकरोडवरून बातम्या आणते. मामा तिला कामाला लावतात ते "अगं, जाताच आहेस तर" या शब्दांनी. हुकूम कधीच नाही.

३. शोधकाला घटनास्थळी कसं न्यायचं

इथे परदेशी कथांची नक्कल सपशेल फसते. तिकडे हौशी शोधक पोलिसांच्या मागे मागे खोलीत शिरतो आणि कुणी हरकत घेत नाही. आपल्याकडे हवालदार त्याला बाहेर काढेल, आणि काढलंच पाहिजे.

पण आपल्या कायद्यातच एक सुंदर दार आहे: पंच. संशयास्पद मृत्यूचा पंचनामा परिसरातल्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर करावा लागतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिथे हीच तरतूद कलम १९४ मध्ये आहे. आता सकाळी नऊ वाजता गल्लीत रिकामा, सभ्य, सही करता येणारा आणि "मला ऑफिसला जायचंय" न म्हणणारा माणूस कोण सापडणार? ओट्यावर बसलेला! विनूमामांना खोलीत नेण्यासाठी कुठलीच ओढाताण लागत नाही. पोलीसच त्यांना हाक मारतात. ते मृतदेह पाहतात, खोली पाहतात, पंचनाम्यात काय लिहिलं आणि काय राहिलं ते पाहतात, मग सही करून परत येऊन बसतात.

याचा पुढचा फायदा मालिकेला होतो. एकच माणूस पुन्हा पुन्हा पंच झाला की बचाव पक्षाचा वकील कोर्टात त्याच्यावर तुटून पडतो की हा तर पोलिसांचा ठरलेला पंच आहे. तिसऱ्या पुस्तकात हा प्रसंग घाला. मामांची उलटतपासणी हे विनोदाचं उत्तम ठिकाण आहे, आणि चौथ्या पुस्तकात त्यांना पंच होता येणार नाही ही अडचण फुकटात मिळते.

कार्यपद्धतीचं आणखी थोडं. सुरुवातीला बहुतेक वेळा "अकस्मात मृत्यू" अशी नोंद होते आणि चौकशीत काही निघालं तर पुढे गुन्हा दाखल होतो. या दोहोंमधला काळ तुमच्या शोधकाचा. शवविच्छेदन सिव्हिल हॉस्पिटलला होतं, व्हिसेरा (अवयवांचे नमुने) राखून ठेवला तर अहवाल यायला वेळ लागतो, तोवर गल्ली स्वतःचे निष्कर्ष काढते. झडती आणि जप्तीचं आता चित्रीकरण करावं लागतं, त्यामुळे "त्या दिवशी टेबलावर काय होतं" हा वाद मोबाइलवर मिटू शकतो. कथेत तो मिटू नये असं वाटत असेल तर कॅमेऱ्याकडे पाठ असलेली वस्तू शोधा. हद्दही सांभाळा. शहराची हद्द पोलीस आयुक्तालयाकडे. त्र्यंबक आणि दिंडोरी ग्रामीण पोलिसांकडे. रेल्वे स्टेशनात लोहमार्ग पोलीस. हद्दीवरून होणारी टोलवाटोलवी हा रक्ताविना मिळणारा ताण आहे, तो वाया घालवू नका.

४. माणसं आणि त्यांची संबोधनं

आठ ते दहा कायमची माणसं पुरेत. त्यांची यादी करताना वय आणि व्यवसायाबरोबर तिसरा रकाना ठेवा: कोण कुणाला काय म्हणतं. मराठी कथेत नातं संबोधनातच दिसतं, त्यावर वेगळा परिच्छेद खर्चावा लागत नाही.

फौजदार बाई याच वाड्यात लहानाच्या मोठ्या झाल्या असं समजा. चारचौघांत मामा त्यांना "मॅडम" आणि "तुम्ही" म्हणतात. मागच्या अंगणात "चिऊ, जेवलीस का?" आता हा नियम तिसऱ्या प्रकरणापर्यंत पक्का करा आणि मग एकदा मोडा:

"चहा ठेवू का, मॅडम?"

अंगणात तिसरं कुणी नव्हतं. तिने डायरी मिटली. "कोण ऐकतंय, मामा?"

मामांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्या मजल्यावरची ओली साडी वाऱ्याशिवाय हलत होती.

एका शब्दाने दोन पानांचं काम होतं. अशी जागा प्रत्येक पुस्तकात एक तरी ठेवा, दोन मात्र नकोत.

संवादात स्थानिक वळण हवं. गल्लीतला माणूस गोदावरीवर जात नाही, गंगेवर जातो. पेपरात "जिल्हा रुग्णालय", तोंडात "सिव्हिल". मालेगाव-सटाण्याकडून आलेल्या पात्राच्या बोलण्यात अहिराणी डोकावू द्या, पण ती लिहिता येत नसेल तर येणाऱ्याकडून लिहून घ्या. खोटी बोली पहिल्या ओळीत ओळखू येते, आणि विनोदासाठी वापरलेली बोली त्या भागातला वाचक कधी माफ करत नाही.

५. वर्षाचं पंचांग

बेटावरच्या मालिकांना पर्यटनाचा हंगाम असतो, तुम्हाला पंचांग आहे. पौषात त्र्यंबकला संत निवृत्तिनाथांची यात्रा. फाल्गुनात धुलिवंदनाला वीरांची मिरवणूक आणि नंतर रंगपंचमी. चैत्रात रामनवमीनंतरच्या एकादशीला काळाराम मंदिरापासून निघणारा रथ. मे महिन्यात गंगेकाठची वसंत व्याख्यानमाला. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी फेरी. मग पूर. मग द्राक्षाची छाटणी. दर बुधवारी गोदाघाटावरचा बाजार. सिंहस्थ बारा वर्षांनी. तो मालिकेत एकदाच येऊ शकतो, त्यामुळे पहिल्या पुस्तकात उधळू नका.

एका पुस्तकाला एकच सण किंवा हंगाम द्या. आणि तो नुसता देखावा म्हणून नको, गुन्ह्याच्या यंत्रणेचा भाग म्हणून हवा. सण काढून टाकला तर रहस्य कोसळलं पाहिजे. नाही कोसळलं, तर तुम्ही पर्यटन पुस्तिका लिहिताय.

६. गुन्हा उलटा बांधा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. एक पूर्ण उदाहरण घेऊ.

जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीखालचे मोठे दगडी हौद. वर्षभर त्या लाकडं आणि मातीखाली झाकलेल्या असतात, वरून रहदारी चालू असते. रंगपंचमीला उघडतात, साफ करतात, पूजा करून रंगाच्या पाण्याने भरतात आणि पोरं वरून धप्पा मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग परंपरेने ठरलेला असतो. रहस्यकथा लिहिणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं. वर्षातून एकदाच उघडणारं झाकण आहे, आणि आत उतरणाऱ्याच्या अंगावर त्या जागेचा शिक्का उठतो.

मृतदेह रहाडीत टाकायचा मोह होईल. टाकू नका. पुढच्या वर्षी तिथे धप्पा मारणाऱ्या वाचकाला ते रुचणार नाही, आणि या प्रकारात गावाचा आनंद नासवायचा नसतो. रहाडीत वस्तू सापडू दे. तुमच्या काल्पनिक गल्लीतली काल्पनिक रहाड, रंग पिवळा. पलीकडच्या चौकातलीही काल्पनिक, रंग गुलाबी.

आता काय घडलं ते सरळ क्रमाने, फक्त स्वतःसाठी लिहा. वाडा बिल्डरकडे चाललाय. जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा मिळणार. एका माणसाने १९८० च्या दशकातल्या भाडेपावत्या बनवून जुना भाडेकरू असल्याचा दावा केला. मालकाच्या म्हाताऱ्या दिवाणजींकडे खऱ्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती होत्या. त्यांना धोका कळला. रहाड बंद करायचा मान त्यांच्या घराण्याकडे. पाणी काढल्यावर, फळ्या पडण्याआधी त्यांनी स्थळप्रतींचा डबा आतल्या कोनाड्यात ठेवला. वर्षभर तिथे कुणाचा हात जाणार नव्हता. त्याच रात्री तो माणूस स्थळप्रती मागायला आला, जिन्यावर झटापट झाली, दिवाणजी पडले. सगळे म्हणाले, ओल्या पायांनी घसरले. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पुस्तक सुरू होतं ते वर्षभराने, रहाड उघडून डबा निघतो तेव्हा.

मग चार रकान्यांचा तक्ता करा: काय घडलं, कुणी पाहिलं, त्याने त्याचा काय अर्थ लावला, आणि वाचकाला ते कोणत्या प्रकरणात दिसतं. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती खूण नाही, फसवणूक आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला हा आजही न शिळा झालेला, की शोधकाला सापडलेली खूण वाचकालाही दिसली पाहिजे. त्याच यादीत गुप्त वाट एकाहून जास्त नको असंही आहे. नाशकात प्रत्येक जुन्या वाड्याखालून कुठे ना कुठे भुयार गेल्याची कथा असतेच. माझं मत विचाराल तर भुयार एकही नको. पात्रांना त्यावर भांडू द्या, एकालाही त्यात उतरू देऊ नका.

आपल्या उदाहरणातल्या खुणा पाहा. पहिली, पावती. तारीख १९८८ ची, भाडं चाळीस रुपये, त्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. पण १९९४ च्या बदलापर्यंत पावतीला वीस पैशांचं तिकीट लागायचं, एक रुपयाचं नंतर आलं. चाळीस रुपयांच्या पावतीला कुणी पाचपट तिकीट कशाला लावेल? मामांना हे दिसणारच, त्यांचं आयुष्य तिकिटं छापणाऱ्या आवारात गेलंय. पन्नाशीपुढच्या वाचकालाही दिसू शकतं, म्हणून डाव न्याय्य आहे. ही पावती तिसऱ्या प्रकरणात दाखवा, पण त्या वेळी वाचकाचं लक्ष पावतीवरच्या सहीकडे वळवा. सही खरी की खोटी यावर पात्रं तावातावाने बोलताहेत, आणि तिकीट डोळ्यांसमोर आहे.

दुसरी, रंग. तो माणूस म्हणतो की त्या रंगपंचमीला दिवसभर पलीकडच्या गुलाबी रहाडीवर होतो आणि तिथूनच घरी गेलो. भाचीच्या मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये गेल्या वर्षीचा एक फोटो आहे: तो मागे, निम्मा कापलेला, गुलाबी बनियन, आणि बाह्यांच्या कडांना पिवळं. हा फोटो दुसऱ्याच कारणासाठी पुढे आणा. फोटोतल्या मुलाचं लग्न ठरतंय आणि मुलीकडच्यांना तो पाहायचा आहे.

तिसरी खूण पोकळ ठेवा, म्हणजे खरी पण दुसऱ्या दिशेला नेणारी. कुणी बाहेरचा माणूस सांगतो की त्या संध्याकाळी मी कपालेश्वराच्या नंदीपाशी बसलो होतो. कपालेश्वराच्या देवळात नंदीच नाही, आणि ते नाशिकमधल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. ही थाप इतकी ढळढळीत आहे की तिच्यावर मुख्य रहस्य उभं करू नये. पण तो माणूस खोटं बोलतोय तो कुणाकडून उसने पैसे घ्यायला गेला होता म्हणून. खोटं बोलणाऱ्या प्रत्येकाला खुनी समजणं ही पोलिसांची आणि वाचकांची सवय, तिचा उपयोग करून घ्या.

वेळ ठरवायलाही शहर मदत करतं. पुराच्या पुस्तकात घड्याळ नको, गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती घ्या. पाणी मारुतीच्या कुठे लागलं यावर नाशिककर पूर मोजतात, आणि प्रत्येकाला आपण काय करत होतो ते त्या मापाने आठवतं. १९६९, २००८, २०१६, २०१९ या पुरांच्या आठवणी लोक आजही काढतात. "पाणी कमरेला होतं तेव्हा दुकान बंद केलं" असं एकाने म्हणावं आणि "तेव्हा गळ्याला लागलं होतं" असं दुसऱ्याने. दोघांतला एकच घाटावर होता. तसंच मळ्यात: खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास, गोडी छाटणी ऑक्टोबरच्या. स्वतःला बागायतदार म्हणवणाऱ्याने यांत घोळ घातला तर मामांनी काही बोलू नये, नुसतं पान जमवत राहावं.

७. निवांतपणा पानावर कसा येतो

लांब वर्णनांनी येत नाही. छोट्या, अपूर्ण राहिलेल्या कामांनी येतो. मामा सकाळपासून एका ट्रान्झिस्टरचं झाकण उघडून बसलेत. प्रत्येक प्रकरणात कुणीतरी येतं आणि स्क्रू ओट्यावर राहतो. वाचक त्या स्क्रूची वाट पाहतो. खाणं असावं, पण मिसळीचा मसाला तीन परिच्छेद लिहू नका, कुणी रस्सा मागितला नाही एवढंच पुरे. रोज दोनदा रस्सा घेणारा आज घेत नाही, ही मिसळ झाली आणि खूणही.

प्रकरणं छोटी ठेवा आणि शेवट धक्क्यावर नको, प्रश्नावर असू दे. धोका पूर्ण पुस्तकात एकदाच, उत्तरार्धात, आणि तोही मामा ओट्यावर नसताना.

८. एका गल्लीत किती माणसं मरणार?

मालिका चालली की हा प्रश्न येतोच. सहा पुस्तकांत सहा खून झाले तर त्या गल्लीत कुणी मुलगी देणार नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक वेळी खून नको. या भागात रक्ताविना होणारे गुन्हे भरपूर आहेत. माल उचलून शेतकऱ्यांचे पैसे बुडवून पसार होणारा द्राक्ष व्यापारी ही दर काही हंगामांनी पेपरात येणारी बातमी आहे. लासलगावच्या कांद्याच्या वजनातला घोळ, वाटणीच्या वेळी गायब झालेला देव्हाऱ्यातला टाक, मिळकतपत्रिकेवर अचानक चढलेलं नाव. क्षेत्रोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांच्या, वंशावळीच्या वह्या तर अख्ख्या पुस्तकाला पुरतील: पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी, पूर्वजांच्या हातच्या सह्या, आणि वारसदार म्हणून उभा राहिलेला एक अनोळखी माणूस, ज्याच्या आजोबांची नोंद त्या वहीत असायला हवी. तीनांत एक मृत्यू हे प्रमाण मला ठीक वाटतं, आणि त्यातलाही एखादा जुना, वर्षांपूर्वीचा.

अभ्यासासाठी दोन ठिकाणं. १८४० मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय, तिथे जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं. आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ चा नाशिक खंड, त्यात घाट, कुंड, पेठा, व्यवसाय यांची बारीक वर्णनं आहेत. बाकी अभ्यास बुधवारच्या बाजारात पिशवी घेऊन होतो. आधी एखादी गोष्ट दिवाळी अंकासाठी, चार-पाच हजार शब्दांत लिहून पाहा. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते, त्यामुळे पुराच्या दिवसांत लिहायला बसलात तर उशीर झालेला असेल.

९. वाचून घेणं

हस्तलिखिताचं शेवटचं प्रकरण काढून ठेवा आणि बाकीचं दोघांना द्या. एक जुन्या नाशकातला, दुसरा कधी नाशिकला न आलेला. दोघांना गुन्हेगाराचं नाव आणि कारण कागदावर लिहायला सांगा, तोंडी नको, तोंडी उत्तर समोरच्याचा चेहरा पाहून बदलतं. नाशिककराने ओळखलं आणि बाहेरच्याने नाही, तर तुमची खूण स्थानिक माहितीवर फारच टेकलेली आहे. ती माहिती आधीच्या एखाद्या प्रकरणात गप्पांच्या ओघात पेरा. बाहेरच्याने ओळखलं आणि नाशिककराने नाही, तर शहराच्या तपशिलात काहीतरी चुकलंय आणि तो तिथे अडखळून बसलाय. कुठे ते त्याला विचारा. दोघांनी ओळखलं तर पावतीवरची सही आणखी ठळक करा. दोघांनीही नाही ओळखलं, तर त्यांना शेवटचं प्रकरण द्या आणि वाचून झाल्यावर ते मागची पानं उलटून तिकीट शोधतात का ते पाहा. शोधत असतील तर पुस्तक पाठवायला हरकत नाही.